पायलट ज्योत

पायलट ज्योत : इंधन वायूवर चालणाऱ्या उपकरणातील मुख्य ज्वालक हवा तेव्हा पेटावा म्हणून त्याच्या शेजारी सतत जळत ठेवलेली लहान ज्योत. स्नानाचे पाणी तापविणारे गीझर, थंड प्रदेशांतील घरे उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या, उपाहारगृहांतील मोठ्या शेगड्या व कारखान्यांतील बाष्पित्रे यांत तिचा उपयोग करण्यात आला. मुख्य ज्वालक पेटविणे हे तिचे मूळ काम होय. पुढे मुख्य वायू सोडावा की अडवावा हे ठरविण्याचे दुसरे कामही तिच्याकडे आले व ते अधिक महत्त्वाचे ठरले. त्यामुळे ही ज्योत वारंवार विझू लागली, तर उपकरणात दोष आहे की उपकरण धोक्याची सूचना देत आहे, हा प्रश्न उभा राहतो. घरगुती वायूच्या सुरक्षिततेचा बराचसा इतिहास या प्रश्नाभोवती घडला आहे.

पूर्वेतिहास : दगडी कोळसा बंद भांड्यात तापवून मिळणारा वायू दिव्यासाठी वापरण्याची रीत विल्यम मर्डॉक यांनी १७९२ च्या सुमारास इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात आपल्या घरी सुरू केली. १८१२ मध्ये लंडन येथे वायुपुरवठा करणारी कंपनी स्थापन झाली. मुंबईत १८३४ मध्ये जहाजबांधणीतज्ञ अर्देशिर खर्शेटजी वाडिया यांनी माझगाव येथील आपल्या बंगल्यात व बागेत वायूचे दिवे लावले. पुढे १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे यायला मात्र आणखी तीस वर्षे लागली. १८६५ मध्ये बाँबे गॅस कंपनीच्या पुरवठ्यावर भेंडी बाजार, चर्चगेट स्ट्रीट व एस्प्लनेड या भागांत असे दिवे पेटू लागले. सायंकाळी शिडी घेऊन खांबाखांबाने दिवे लावीत जाणारा कामगार हे त्यानंतरच्या मुंबईचे एक परिचित दृश्य होते.

सुरुवातीचे वायूचे दिवे उघड्या ज्योतीचे असत. कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये वायुजाळीचे (मँटलचे) एकस्व मिळविले. धातूंच्या ऑक्साइडांची ही जाळी बन्सन पद्धतीच्या निळ्या ज्योतीत तापून पांढरा प्रखर प्रकाश देते. जाळी नाजूक असल्यामुळे ती काडीने पेटविताना मोडण्याचा संभव असे, आणि शिडीवर चढून रोज दिवा लावणे खर्चाचेही होते. म्हणून जाळीखाली एक लहान ज्योत सतत जळत ठेवून मुख्य वायू फक्त तोटी फिरवून सोडण्याची व्यवस्था रूढ झाली. काही शहरांत ही तोटी घड्याळाच्या यंत्राने फिरविली जाई. घरगुती उपकरणांत पुढे आलेल्या पायलट ज्योतीची ही पूर्वज होय.

खोपोलीची वीज : रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी पाताळगंगेच्या काठी वसलेल्या खोपोलीचा मुंबईच्या दिव्यांशी निकटचा संबंध आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला होता. घाट चढून जाणारा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाल्यावर खोपोली मुख्य मार्गापासून बाजूला पडली. ज्या उंच कड्यामुळे रेल्वेला दुसरी वाट धरावी लागली, तोच कडा पुढे गावाच्या उपयोगी पडला. लोणावळ्याच्या परिसरात वळवण, लोणावळा व शिरवटा येथे पावसाचे पाणी अडवून ते नळांतून ५०० मी.हून अधिक खाली खोपोलीस आणण्याची योजना जमशेटजी टाटा यांच्या हयातीत आखली गेली. त्यांच्या मृत्यूनंतर (१९०४) ती पुरी झाली. १९११ मध्ये कामाची कोनशिला बसविण्यात आली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते योजनेचे उद्‌घाटन झाले. ही वीज सु. ७० किमी. अंतरावरील परळच्या केंद्राकडे जाऊ लागली. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे व १९२७ मध्ये भिरा येथे याच धर्तीची केंद्रे उभी राहिली.

खोपोलीच्या विजेचे पहिले मोठे ग्राहक कापडगिरण्या होते. या विजेने गिरण्यांतील वाफेच्या यंत्रांची जागा घेतली. शहरातील विजेचे दिवे त्याआधीच सुरू झाले होते. क्रॉफर्ड मंडईत १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले होते, पण तो प्रयत्न फार काळ टिकला नाही. १९०५ नंतर बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने नियमित पुरवठा हाती घेतला. मुबलक वीज मिळू लागल्यावर प्रकाशाचे साधन म्हणून वायू मागे पडला व त्याला उष्णतेच्या क्षेत्रात आश्रय शोधावा लागला. युरोप-अमेरिकेतही हेच घडले. दिव्याच्या जाळीखालची लहान ज्योत अशा रीतीने पाण्याच्या व खोलीच्या तापकात आली.

बंब आणि गीझर : कोकणात किंवा घाटपायथ्याच्या गावांत खोली तापविण्याची गरज सहसा पडत नाही. त्यामुळे उत्तर अमेरिकेतील घरांच्या तळघरात असते तशी घरगुती वायुभट्टी महाराष्ट्रात रुजली नाही. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचाच तिच्याशी परिचय झाला. मराठी घरात उष्णतेचे मुख्य काम दोन ठिकाणी असे : चुलीवर आणि न्हाणीघरात. न्हाणीघरातील तांब्याच्या बंबात मधोमध उभी नळी असते. तिच्यात लाकडे, शेण्या किंवा कोळसा जाळतात व भोवतालचे पाणी तापते. बंबाला धूर असतो, म्हणून तो पडवीत, परसात किंवा उघड्या न्हाणीत पेटविण्याची रीत होती. या रीतीत अनुभवाचे शहाणपण होते. धूर दिसत असल्यामुळे तो बाहेर काढण्याची आठवण आपोआप राही.

गीझर हे नाव आइसलँडमधील गरम पाण्याच्या झऱ्यावरून आले. लंडनचे बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ मध्ये वायूवर तत्काळ पाणी तापविणारे उपकरण तयार करून त्याला हे नाव दिले. त्यास धुराडे नव्हते. जळलेला वायू स्नानगृहातच राही व ज्योत विझल्यास न जळलेला वायूही तेथेच साठे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एड्विन रूड व जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी सुधारलेली उपकरणे पुढे आणली. पाण्याची तोटी उघडताच मुख्य वायू सुटावा व शेजारच्या पायलट ज्योतीवर तो पेटावा, ही रचना त्यानंतर सर्वमान्य झाली. मात्र पायलट ज्योत स्वतःच विझली असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर या रचनेत नव्हते. तोटी उघडली की वायू बाहेर पडे, पेटत मात्र नसे.

सुरक्षा झडप : हे उत्तर फार जुन्या शोधातून मिळाले. दोन भिन्न धातूंच्या तारा टोकांशी जोडून एक सांधा तापविल्यास मंडलात विद्युत् प्रवाह वाहतो, हे टोमास झेबेक यांना १८२१ मध्ये आढळले होते. अशा जोडीस तपयुग्म म्हणतात. विसाव्या शतकात पायलट ज्योतीच्या तोंडाशी तपयुग्माचे टोक बसविण्यात आले. ज्योतीत ते तापून सु. २० ते ३० मिलिव्होल्ट इतका अल्प विद्युत् दाब निर्माण होतो. एवढ्या दाबावर वाहणारा प्रवाह एका लहान विद्युत् चुंबकास पुरतो व तो चुंबक स्प्रिंगच्या विरुद्ध झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की टोक थंड होते, प्रवाह क्षीण होतो, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग झडप मिटविते. या क्रियेस साधारणतः एक मिनिटापर्यंत वेळ लागतो. बाहेरची वीज, बॅटरी किंवा माणसाचे लक्ष यांपैकी कशाचीही तीत गरज नसते.

या चुंबकात झडप धरून ठेवण्याइतके बळ असते, पण ती ओढून उघडण्याइतके नसते. म्हणून ज्योत पेटविताना बटण हाताने दाबून धरावे लागते व तपयुग्म तापेपर्यंत, म्हणजे सु. अर्धा ते एक मिनिट, सोडता येत नाही. अनेकदा घाईने बटण लवकर सोडले जाते व ज्योत राहत नाही अशी तक्रार होते. ती दोष नसून रचनेचा स्वाभाविक परिणाम असतो.

ज्योत विझण्याची कारणे : ज्योत केव्हा विझते हे पाहिल्यास दोषाचे स्थान बरेचसे कळते. या दृष्टीने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार : ज्योत मुळीच लागत नाही. अशा वेळी वायू ज्वालकापर्यंत पोहोचलेला नसतो. टाकी संपलेली असणे, तोटी बंद असणे, नवी टाकी जोडल्यावर नळीत हवा अडकणे किंवा पायलटचे सूक्ष्म छिद्र पूर्ण बुजणे ही त्याची कारणे होत.

दुसरा प्रकार : ज्योत लागते, पण पुरेसा वेळ धरूनही बटण सोडताच विझते. येथे वायू ठीक असतो. दोष तपयुग्म, त्याची जोडणी किंवा चुंबक यांत असतो. तपयुग्माचे टोक ज्योतीबाहेर सरकलेले असते, त्यावर काजळी बसलेली असते, झडपेकडील सांधा सैल किंवा गंजलेला असतो अथवा तपयुग्म जुने होऊन त्याचा विद्युत् दाब घटलेला असतो. घाटपायथ्याच्या गावांतील दीर्घ व दमट पावसाळ्यात तांब्या-पितळेच्या सांध्यांवर कळंक चढतो. दाबच काही मिलिव्होल्ट असल्यामुळे एवढा पातळ थरही प्रवाह अडविण्यास पुरतो. टोक व सांधा साफ करून सांधा बेताने आवळल्यास पुष्कळदा दोष जातो. अति आवळल्यास सांध्यातील निरोधक चकती चिरडते. मापनात दाब फार कमी भरल्यास तपयुग्म बदलणे हाच उपाय असतो.

तिसरा प्रकार : ज्योत काही मिनिटे किंवा काही तास जळते व मग विझते. हा प्रकार शोधण्यास कठीण व दुर्लक्षिल्यास सर्वांत घातक होय. त्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत. (१) वाऱ्याचा झोत किंवा धुराड्यातून उलटा येणारा वारा. पावसाळी वाऱ्याच्या दिशेला तोंड असलेल्या धुराड्यात हे विशेषेकरून घडते. (२) छिद्रात धूळ, गंज किंवा ज्वालकाच्या नळीत कीटकांची जाळी अडकून ज्योत लहान होणे. (३) वायूचा दाब कमी पडणे. टाकी संपत आली असता किंवा तीतून एकदम फार वायू घेतला असता आतील द्रव बाष्पीभवनाने गार होतो व दाब उतरतो. (४) वायूला न जुळणारे छिद्र असणे. (५) खोलीतील ऑक्सिजन कमी होणे. घरगुती भट्टीत याखेरीज आणखी एक कारण असते : उष्णता-विनिमयकास तडा गेल्यास पंखा सुरू होताच त्यातील हवा ज्योतीवर येते व ज्योत हेलकावते किंवा विझते. अशा भट्टीतून जळलेला वायू घराच्या हवेत मिसळण्याचा धोका असतो, म्हणून ती तत्काळ बंद करणे आवश्यक ठरते.

ज्योतीचे रूपही बोलके असते. तपयुग्माचे टोक वेढणारी स्थिर निळी ज्योत योग्य होय. पिवळी, लवचिक व काजळी धरणारी ज्योत हवा कमी पडत असल्याचे दाखविते. ज्वालकापासून सुटून आवाज करणारी ज्योत दाब किंवा हवा जास्त असल्याचे, तर बारीक, थरथरणारी ज्योत दाब किंवा छिद्र अपुरे असल्याचे दर्शविते.

टाकीतील व नळातील वायू : मुंबईजवळ तुर्भे येथे १९५४ व १९५५ मध्ये तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाले. १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने टाकीबंद द्रवीकृत पेट्रोलियम वायू (एलपीजी) विकण्यास आरंभ केला. १९६५ मध्ये ‘इंडेन’ वायू कोलकात्यात आला. पुढे १४·२ किग्रॅ.ची टाकी घरोघरी परिचित झाली. खोपोलीत मिश्र पोलाद, रसायने व नळ यांचे कारखाने आल्यावर वाढलेल्या कामगारवस्तीतही स्वयंपाकाचे इंधन म्हणून चुलीची व रॉकेलच्या स्टोव्हची जागा क्रमाने या वायूने घेतली.

टाकीच्या वायूवर सतत जळणारी पायलट ज्योत परवडत नाही, हे साध्या हिशेबाने दिसते. सु. २०० वॉट उष्णता देणारी ज्योत दिवसभरात जवळजवळ ५ किलोवॉट-तास ऊर्जा खर्च करते. त्यासाठी सु. ०·३७ किग्रॅ. वायू लागतो. म्हणजे एकट्या ज्योतीवर एक टाकी सु. सव्वा महिन्यात संपेल. त्यामुळे भारतीय शेगडीत पायलट ज्योत रूढ झाली नाही. काडी व लायटर यांवर काम भागले. घरगुती लहान गीझरमध्येही बॅटरीवरील ठिणगीने ज्वालक थेट पेटविण्याची पद्धत आली. अशा उपकरणांत ज्योत आहे की नाही हे पुष्कळदा ज्योतीच्या विद्युत् संवाहकतेवरून ओळखले जाते. पाण्याचा प्रवाह अपुरा असणे, बॅटरी क्षीण होणे व संवेदक सळईवर काजळी बसणे ही तेथील विझण्याची विशेष कारणे होत. बाकीची कारणे वर दिल्याप्रमाणेच असतात.

नळाने येणारा नैसर्गिक वायू मुंबईत महानगर गॅस कंपनीच्या (स्थापना १९९५) द्वारे घरोघर आला. रायगड जिल्ह्यासाठी तिला २०१५ मध्ये अधिकृत करण्यात आले. हा वायू मुख्यत्वे मिथेन असतो. समान घनफळात एलपीजीची उष्णता त्याच्या सु. अडीच ते तीन पट असते. म्हणून टाकीसाठी बनविलेल्या बारीक छिद्रातून नैसर्गिक वायू सोडल्यास ज्योत दुबळी होते व वारंवार विझते. उलट नैसर्गिक वायूच्या मोठ्या छिद्रातून एलपीजी सोडल्यास ज्योत धोकादायक रीत्या मोठी व धुरकट होते. इंधन बदलताना छिद्रे व दाबनियंत्रक बदलून घेण्याचे काम अधिकृत तंत्रज्ञाकडूनच व्हावे लागते, ते यामुळेच.

धोक्याची सूचना : विहिरीत उतरण्यापूर्वी जळता कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत महाराष्ट्रात आहे. कंदील विझल्यास माणूस उतरत नसे. पायलट ज्योतीचा एक सुधारित प्रकार याच तत्त्वावर आधारलेला आहे. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सु. २१ टक्के असते. ते सु. १८ टक्क्यांपर्यंत उतरताच ही ज्योत छिद्रापासून उचलली जाते, तपयुग्म थंड पडते व वायू बंद होतो. अशी ज्योत पुन्हापुन्हा विझणे म्हणजे खोलीत ताजी हवा येत नसल्याची वर्दी होय. ती दोष समजून तपयुग्म वाकविणे, झडप बांधून ठेवणे किंवा तीच ती ज्योत पेटवीत राहणे प्राणघातक ठरू शकते.

ऑक्सिजन कमी पडला की इंधनाचे ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग किंवा वास नसतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी त्याची आसक्ती ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक असल्याने तो ऑक्सिजनला जागाच ठेवीत नाही. डोके दुखणे, मळमळणे व गळून जाणे ही लक्षणे दिसेतो माणसाला दार उघडण्याचेही बळ उरत नाही. कार्बन मोनॉक्साइडाच्या घातक प्रमाणातही साधी ज्योत जळत राहू शकते. त्यामुळे ज्योत जळते आहे एवढ्यावरून हवा निर्धोक मानता येत नाही. बंद स्नानगृहात लावलेल्या वायूच्या गीझरमुळे मृत्यू ओढवल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील शहरांतून वेळोवेळी आल्या आहेत. बंबाचा धूर डोळ्यांना झोंबून माणसाला बाहेर काढी. गीझरचा वायू मात्र तशी कोणतीच सूचना देत नाही. गीझर स्नानगृहाबाहेर मोकळ्या हवेत बसविणे किंवा त्याचे धुराडे थेट बाहेर नेणे हा यावरील खरा उपाय होय.

ज्योत विझल्यावर ती पुन्हा पेटविण्यापूर्वी किमान पाच मिनिटे थांबणे व हवा खेळती करणे आवश्यक असते. एलपीजी हवेपेक्षा सु. दीड ते दोन पट जड असल्याने जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू हवेहून हलका असल्याने वर जातो. दोन्हींना मुद्दाम वास दिलेला असतो. वास आल्यास काडी ओढू नये, विजेचे बटण चालू वा बंद करू नये, टाकीची किंवा नळाची तोटी मिटवून दारे-खिडक्या उघडाव्यात व मदत मागवावी. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक देशभर ठेवण्यात आला आहे.

ऱ्हास : १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधनाच्या बचतीकडे लक्ष गेले आणि अहोरात्र जळणारी ज्योत उधळपट्टीची ठरली. अमेरिकेत नव्या घरगुती भट्ट्यांत ठिणगीने किंवा तप्त पृष्ठाने पेटविण्याच्या इलेक्ट्रॉनीय पद्धतींनी तिची जागा घेतली. पायलट ज्योत आता मुख्यतः जुन्या उपकरणांत, काही पाणीतापकांत व मोठ्या शेगड्यांत आढळते. तिने घालून दिलेला नियम मात्र नव्या उपकरणांतही कायम आहे : ज्योतीचा पुरावा मिळाल्याखेरीज वायू सोडायचा नाही व पुरावा नाहीसा होताच तो थांबवायचा. विझणाऱ्या ज्योतीचे कारण न शोधता ती पुन्हा पेटविणारा मनुष्य हा नियम आपल्या हाताने मोडीत असतो.